दहा सूचक आणि तीन सह्या

मी आयुष्यात एकदाच निवडणुकीचं काम केलं, आणि तेही थेट लोकसभेच्या. साल दोन हजार चार. तुम्हा नातवंडांपैकी मोठा तेव्हा तिकडे परदेशात नुकताच बालवाडीत जायला लागला होता. मी कणकवलीच्या कॉलेजातल्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन मालवणच्या घरी आले होते आणि लावायला पुस्तकं नाहीत म्हणून स्वयंपाकघरातले डबे वर्णानुक्रमे लावत होते.

उमेदवार होत्या शेजारच्या बाई. खाडीपलीकडच्या शाळेच्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळा गाव त्यांना नुसतं बाईच म्हणे. ती शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी होडीने अलीकडे यायचं, आणि संध्याकाळी परतीची होडी मिळेलच याचा भरवसा नाही. मुलगे कसेही घरी पोचत. मुली सातवीनंतर घरी बसत. बाई कित्येक वर्षं आठवीच्या वर्गासाठी अर्ज करत होत्या. जिल्ह्याला विचारलं की म्हणायचे, मुंबईला लिहा. मुंबईला लिहिलं की उत्तर यायचं, धोरण दिल्लीत ठरतं.

एका सकाळी त्या माझ्या ओसरीवर आल्या. "सगळे दिल्लीकडे बोट दाखवतत. मगे दिल्लीकच जातंय," म्हणाल्या.

"कोणाला भेटायला?"

"भेटूक नाय गो. निवडणुकीक उभी रवतंय."

मी चहा टाकला. चहा होईपर्यंत कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं होतं.

अपक्ष उमेदवाराला मतदारसंघातले दहा सूचक लागतात, म्हणजे अर्जावर सह्या करून त्याचं नाव सुचवणारे मतदार. मी दहा निवडले. सहा जण बाईंचे जुने सहकारी, एक किराणावाला आणि तीन मासे विकणाऱ्या बायका, तिघीही खाडीपलीकडच्या. त्यांतल्या सगळ्यात तिखट जिभेच्या बाईची मुलगी सातवी होऊन वर्षभर घरी बसली होती. अकरावा सूचक मी घेतला नाही. नियमात दहा म्हटलंय, तर दहा. मतदारयादीतला प्रत्येकाचा क्रमांक दोनदा ताडून पाहिला. सह्या चौकटीत आहेत ना, तेही पाहिलं.

अर्ज भरायला सोमवार निवडला, कारण सोमवारी मासे फारसे खपत नाहीत. तोच शेवटचा दिवस होता. दहाही जणांनी प्रत्यक्ष यायचं, असा बाईंचा हट्ट. टेम्पोतून कट्टा गावावरून ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत निघालो. वाटेत खाजं खाऊन झालं, गाणी झाली, आणि किराणावाल्याला मागे बसवलं म्हणून तो रुसला, तेही झालं.

कचेरीतल्या कारकुनाने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्याने यादी उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"या सूचकाचं नाव यादीत वेगळं आणि सही वेगळ्याच नावाची आहे."

मी वाकून पाहिलं. मग पुढच्या दोन ओळी पाहिल्या. तिघींनी माहेरच्या नावाने सह्या केल्या होत्या.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, आडनावासकट. या तिघी तिसरी-चौथीत शाळा सुटण्याआधी नाव लिहायला शिकल्या होत्या, ते माहेरचं. सासरचं नाव यादीत गेलं, रेशनकार्डावर गेलं, पण ते लिहायला कोणी शिकवलंच नव्हतं. मी सह्या पाहिल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. ग्रंथालयात पस्तीस वर्षं काढलेल्या बाईने.

"उद्या छाननीत कोणीही हरकत घेईल," कारकून म्हणाला. "सात सूचकांवर अर्ज उडेल. नवीन अर्ज देतो. या तिघींनी साहेबांसमोर अंगठा द्यावा, चालतं ते. तीन वाजता दार बंद होईल."

तेव्हा बारा वाजायला आले होते. मी अंगठ्याला तयार होते. पण तिखट जिभेची पुढे झाली.

"आंगठो? माका सही येता."

"ती तुमच्या नावाची नाही, ताई."

"माझीच आसा. माझ्या बापाशीन ठेवलेला नाव ता. चेडवाक शिकवा म्हणान मी हय इलंय, आनी आंगठो दिव?" चेडू म्हणजे मुलगी.

"मग सासरच्या नावाने करा."

"ता नाव मी एकदाच लिवलेला बघलंय. लग्नात, ताटातल्या तांदळात. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले."

कारकून हसला आणि एकदम कचेरीची भाषा सोडून म्हणाला, "मगे आता कागदार बघा. अडीच-तीन तास आसत."

बाईंनी पिशवीतून आपली प्रचारपत्रकं काढली, पालथी केली आणि कचेरीच्या व्हरांड्यात मांडी घातली. त्यांनी वर ठळक अक्षरात नाव काढून द्यायचं आणि तिघींनी खाली गिरवायचं. सहकारी मास्तर मंडळी भोवती उभी राहून सूचना करू लागली, तशी बाईंनी त्यांना चहाला पिटाळलं. मी नवीन अर्ज भरायला घेतला. या वेळी प्रत्येक शब्द वाचला.

तिघींतली धाकटी अर्ध्या तासात तयार झाली. तिखट जिभेची दर ओळीला भांडत होती. "बाये, ह्या अक्षराक शेपटी कित्याक?" "आसता ती." "माझ्या पयल्या नावाक शेपटी नव्हती." तरी तिचं अक्षर सुरेख होतं.

खरी पंचाईत थोरलीची. तिच्या सासरच्या नावात दोन जोडाक्षरं.

"ह्या नाव सासूनच ठेवल्यान," ती घाम पुसत म्हणाली. "तिका खंय लिवचा होता."

"चौथीत तू फळ्यावर पाढे लिवलेलंस," बाई म्हणाल्या. "माझ्याच वर्गात होतंस मा? लिव."

बाकीच्या सात सह्या झाल्या. मग धाकटीची झाली, तिखट जिभेची झाली. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली तरी थोरली पत्रकं भरतच होती. येणारे-जाणारे पट्टेवाले थांबून बघत होते. एक जण तर "जमतला, आजये," म्हणून गेला. शेवटी तिने हात पदराला पुसले, टेबलाशी गेली आणि श्वास रोखून लिहिलं. नाव चौकटीत मावलं नाही. शेवटचं अक्षर शेजारच्या रकान्यात गेलं. कारकुनाने यादी पाहिली, सही पाहिली, पुन्हा यादी पाहिली आणि वेळ टाकून अर्ज घेतला. तीनला सहा मिनिटं होती.

दुसऱ्या दिवशी छाननीत अर्ज टिकला. परतीच्या टेम्पोतली गाणी मात्र आदल्या दिवशीच सुरू झाली होती. सगळ्यात मोठा आवाज किराणावाल्याचा.

बाई पडल्या. चांगल्याच पडल्या, आमच्या वाड्यांबाहेर त्यांना ओळखत होतं कोण? पण त्या महिन्यात जो जो उमेदवार खाडीपलीकडे आला, त्याला त्या तिघी एकच विचारत, "आठवीचा काय?" सगळ्यांनी हो म्हटलं, आणि म्हटलेलं सोडायचं नाही असं तिघींनी ठरवलं. निकालानंतर दर सोमवारी त्या एक अर्ज घेऊन ओरोसला जात. अर्ज मी लिहीत असे, सह्या त्यांच्या. तो कारकून त्यांना बघितलं की खुर्च्या मांडायचा.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये देवळामागच्या खोलीत आठवी सुरू झाली. पहिल्या दिवशी अकरा मुली होत्या. तिखट जिभेच्या बाईची मुलगी वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून मागच्या बाकावर. शिकवायला बाई होत्याच, पगाराशिवाय, नवीन शिक्षक येईपर्यंत. मी इंग्रजी घेत असे, मंगळवारी आणि शुक्रवारी.