सीमेवरचा निळा ग्रह

कुलपांच्या दुरुस्तीत ज्यांचे केस पिकले, त्या गृहस्थांना सारी गल्ली कुलूपवाले म्हणूनच ओळखी. वीस वर्षे त्यांनी आईला डोळ्यांत तेल घालून सांभाळले. तिची गोळी घड्याळाच्या ठोक्याला, तिच्या दाराची बिजागरी दर पंधरवड्याला दोन थेंब तेल प्यालेली. तथापि रविवारी दुपारी धाकटा भाऊ हात हलवत आला, की आईच्या मुखावर जी प्रभा फाके, ती उरलेल्या सहा दिवसांत एकदाही त्यांच्या वाट्याला येत नसे. धाकटा नाटकांचे पडदे रंगवी आणि नकला करून तिला डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसवी. कुलूपवाल्यांच्या अंतःकरणात मत्सराने घर केले होते, आणि ते त्याचे भाडेही मागत नसत.

दोघे भाऊ रविवारी संगणकावर अंतराळातल्या राज्यांचा खेळ मांडत. त्यात ग्रह युद्धावाचूनही जिंकता येई. एका ग्रहाची गाणी, नाटके, ग्रंथालये यांचा प्रभाव गंधासारखा शेजारच्या ग्रहांवर पसरे. परक्याचा प्रभाव निम्म्याहून अधिक झाला, की तिथली प्रजा आपण होऊन निशाण बदली. कुलूपवाले तटबंदी बांधीत, धाकटा नाट्यगृहे. सीमेवरचा निळा ग्रह कुलूपवाल्यांनी आईच्या नावाने वसवला होता. त्यावर धाकट्याचा प्रभाव शेकडा चाळीस झाला, त्याच दुपारी आई सहज बोलून गेली, "महिनाभर धाकट्याकडे राहून यावं म्हणते."

कुलूपवाल्यांनी त्याच्याकडचा जिना उभा, भिंती ओलसर, अशी कारणे पुढे केली. आईने भरायला काढलेली पिशवी मुकाट्याने घडी करून ठेवली. मग खेळातही त्यांनी निळ्या ग्रहाचे बंदर बंद केले.

"दादा, अडकतील ती तुझीच जहाजं," धाकटा म्हणाला. "तुझी गाणी त्यांच्यातूनच तिथे पोचतात. माझी नुसती शेजारामुळे येतात. वास काय कडी वाजवून आत येतो?"

"तू तुझं बघ."

पुढच्या रविवारी तिसऱ्याच खेळीला निळ्या ग्रहावर धाकट्याचे निशाण फडकले. एकही गोळी सुटली नाही.

"माझा ग्रह का रे गेला?" आईने खुर्चीतून विचारले.

कुलूपवालेच म्हणाले, "मी दारं लावून घेतली होती."

"मग कंटाळले असतील बिचारे."

दुसऱ्या दिवशी कुलूपवाल्यांनी आईची पिशवी स्वतः भरली आणि तो उभा जिना तिला हाताला धरून चढवला.

आठवड्याने धाकटा तोंड आंबट करून दुकानात आला. "दादा, दार कुरकुरलं की तुझं नाव. गोळीला पाच मिनिटं उशीर झाला की तुझं नाव. काल नक्कल केली, तर म्हणते, थोरला असता तर आधी पाणी विचारलं असतं. आयुष्यभर हसवलं मी, आणि माझ्याच घरात राज्य तुझं."

हातातल्या कुलपावर कुलूपवाले अधिकच वाकले, कारण चेहऱ्यावरचे हसू आवरेना. तेलाची कुपी त्यांनी भावाला दिली. थेंब दोनच, हेही बजावले. संध्याकाळी ऊन डोळ्यांवर आले की आईची खुर्ची खिडकीकडून वळवावी लागते, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. ते तिनेच मागावे, आणि मागताना थोरल्याचे नाव घ्यावे.