हा परसों कुणाचा?

राज्याची विभागणी झाली, त्या पावसाळ्यातल्या एका आठवड्याची ही साक्ष आहे. मंगळवारी आम्ही हैदराबादेत शॉकॲब्सॉर्बर निवडले. गुरुवारी गोदावरीकाठी पोहोचलो. शनिवारी आमच्या लष्करी जीपचा चालक, नाईक मिलिंद सोनकांबळे, गेला. जबाबदार दोघे आहेत: खचलेल्या पुलियावर, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलावर, धोक्याचा फलक न लावणारा रस्तेखात्याचा ज्युनिअर इंजिनिअर (जे.ई.), आणि जागेवर पाऊल न ठेवता चौकशी अहवालावर सही करणारा त्याचा वरिष्ठ. दोघांची नावे मला ठाऊक आहेत. कायद्याची मर्यादा पाळून येथे पदेच लिहितो.

अहवाल म्हणतो: वाहनाची उंची अनधिकृतपणे वाढवलेली होती, शॉकॲब्सॉर्बर अयोग्य होते, ते तुटल्याने निष्काळजी चालकाचा ताबा सुटला. यातला एक शब्दही खरा नाही. त्या जीपच्या देखभालीचा हवालदार मी होतो.

पूरग्रस्त भागासाठी वर्कशॉपने जीपची उंची रीतसर मंजुरी घेऊन वाढवली होती. स्प्रिंगा उंच बसवल्या, शॉकॲब्सॉर्बर मात्र जुनेच राहिले. चाचणीत मागचे चाक खड्ड्यात लोंबकळले आणि खालून ठोका ऐकू आला. सोनकांबळेने तिथेच ब्रेक लावला.

"उस्ताद, गाडी उंच झाली, हात तेवढेच राहिले. असंच चालवलं तर खांद्यातून निखळतील."

निदान अचूक होते. चाक खाली जाताना आखूड शॉकॲब्सॉर्बर आधीच पूर्ण ताणला जातो आणि आपलीच पकड ओढून तोडतो. फार लांब घेतला, तर चाक वर दबताना तो आतून ठोकर खातो. म्हणून आम्ही जीप जॅकवर घेऊन चाक लोंबते ठेवले व माप घेतले. मग चाक रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत दाबून दुसरे माप घेतले. दोन्ही मापांत बसेल तोच माल आणायचा, असे ठरले.

हैदराबादेतल्या अफझलगंजच्या दुकानात मालक खाजाभाईंनी सर्वांत कडक जोडी पुढे केली.

"आँखां बंद करके ले जाओ. परसोंच आया सो माल है."

सोनकांबळे हैदराबादच्याच काचीगुड्यात वाढलेला. "खाजाभाई, तुमारा परसों रमज़ान के पहले का, की बाद का?"

"फौज में जाके ज़बान बहुत चलरी तुम्हारी."

"जीप उससे अच्छी चलती. कडक नक्को. पीछे मरीज़ लेटेगा, बोरा नहीं."

मी मापे धरून पाहिली. त्याने दांडा हाताने दाबून सोडला आणि तो किती सावकाश परततो ते पाहिले. पाचवी जोडी दोघांनाही पटली. तसे चार घेतले.

गुरुवार-शुक्रवारी ही जीप चिखल, दगड, ओढे ओलांडत राहिली. शनिवारी दुपारी एका वस्तीतून अर्धांगवायू झालेले एक वृद्ध, त्यांची पत्नी आणि दोन बाळंतिणी बाळांसह घेतल्या. स्ट्रेचर मागे बांधले होते. वाटेत आजी तेलुगूत काही म्हणाल्या.

"आजोबा झोपले म्हणतात," सोनकांबळे म्हणाला. "खाजाभाईंचा कडक माल असता, तर आजोबा छतालाच भेटले असते."

पुलियाजवळ पोहोचलो तेव्हा मागचा रस्ता पाण्याखाली गेला होता. वायरलेसवर आमचे कॅप्टनसाहेब बोलले. ते गढवालचे. वायरलेसवर आमच्या गाडीचे नाव ब्राव्हो.

"ब्राव्हो, पुलिया से निकलो. जे.ई. कहता है, परसों भरा ट्रक पास हुआ है. ओव्हर."

सोनकांबळेने हँडसेट माझ्याकडून घेतला.

"साहब, ये परसों किसका है? आपका या जे.ई. साहब का? ओव्हर."

"जे.ई. का. क्यों? ओव्हर."

"जे.ई. साहब कहाँ के हैं? ओव्हर."

"हैदराबाद, पुराना शहर. ओव्हर."

गढवालच्या माणसाचा परसों म्हणजे दोन दिवसांपूर्वीचा दिवस. हैदराबादेत मात्र परसों चार दिवसांचाही असतो आणि चार महिन्यांचाही. ट्रक पुरापूर्वी गेला असणार, हे आम्हा दोघांना त्याच क्षणी कळले. साहेबांना मी तसे सांगितले.

"मौके पर तुम हो. फैसला तुम्हारा. ओव्हर."

मागे फिरणे अशक्य होते. पलीकडचा सखल रस्ताही भरू लागला होता, आणि मदत छावणीपर्यंत ही माणसे चालू शकली नसती. जीप पलीकडे हवीच होती.

"सगळ्यांना उतरवा," सोनकांबळे म्हणाला. "आधी माणसं, मग गाडी."

स्ट्रेचर आम्ही दोघांनी उचलून नेले. आजींना आणि बाळांसह बाळंतिणींना त्याने एकेक करून हात धरून आणले. मग तो जीपकडे निघाला. मी येतो म्हणालो.

"तुमचं वजन पुलियाला सोसायचं नाही, उस्ताद. मेसमध्ये सोसतं तेवढं पुरे."

त्याने जीप पहिल्या गिअरमध्ये, अगदी सावकाश आणली. पुढची चाके आमच्या काठाला लागली आणि मागच्या चाकांखालचा भराव एकदम गेला. जीप मागे सरकत पाण्यात पडली. मी दोर टाकला. तो पकडायला कुणी वर आले नाही.

वृद्धांना मी आणि वाटेत भेटलेल्या एका गावकऱ्याने खांद्यावरून नेले. पुढे छावणीचा ट्रॅक्टर मिळाला. सगळे वाचले. पाणी उतरल्यावर जीप क्रेनने काढली. मी स्वतः खाली आडवा होऊन पाहिले. चारही शॉकॲब्सॉर्बर आपापल्या जागी होते. त्यांच्या पकडीतला एकही रबरी बुश फाटलेला नव्हता.

मी दोन्ही राज्यांच्या रस्तेखात्यांना पत्रे लिहिली. प्रत्येकाचे उत्तर एकच: विभागणीनंतर सदर पुलिया आमच्या हद्दीत येत नाही. चालकाला दोषी ठरवताना हद्द आड आली नव्हती.

मी अनेक चालकांबरोबर नोकरी केली. धोका ओळखून आधी सर्वांना पार करणारा आणि मग एकट्याने चाकामागे बसणारा मी हा एकच पाहिला. त्याचे वडील आजही काचीगुड्यात राहतात. मुलगा निष्काळजी होता, असे सरकारी कागद त्यांना सांगतो.

म्हणून दोन्ही खात्यांना माझे जाहीर विचारणे आहे. ती पुलिया कुणाची होती? ट्रक कोणत्या तारखेला गेला? शॉकॲब्सॉर्बर तुटलेले कुणी पाहिले? उत्तर मला पाठवू नये. ते वर्तमानपत्रात, नाव आणि पद घालून छापावे. नाईक मिलिंद सोनकांबळे याच्यावर आरोप चारचौघांत केला गेला. तो चारचौघांतच मागे घ्यावा.