विहिरीकडचे पाच गुंठे

लॅन्सीची सही फार देखणी. आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या गोदामात बावीस वर्षं मालाच्या कागदांवर ती करून करून त्याने तिला असं वळण आणलं होतं, की कुणी सही मागितली की गडी खूश. त्याच सहीने बायकोची जमीन घालवली, हे कॅथरीनला बुधवारी सकाळी कळलं.

कॅथरीन मूळची वसईची, केळीच्या वाडीत वाढलेली. तिकडेच, ऊद मेथातल्या एका दवाखान्यात ती एकोणीस वर्षं रिसेप्शनवर होती. लॅन्सी आधीच रिटायर झाला होता; आता मार्चमध्ये तिचं कॉन्ट्रॅक्ट संपणार, त्याबरोबर व्हिसा संपणार, मग डिस्कव्हरी गार्डन्समधला भाड्याचा फ्लॅट सोडून जायचं कुठे? लॅन्सीच्या भावांनी गावचं घर केव्हाच विकून वाटून घेतलं होतं. साधी भाजी चिरतानासुद्धा हा प्रश्न आठवला, की तिची सुरी थांबायची.

उत्तर होतं ते तिच्या पप्पांकडे. दोन वर्षांपूर्वी ते महिनाभर राहायला आले होते. हाडाचे शेतकरी, त्यांनी इमारतीखालच्या माळ्याला झाडांना पाणी कसं घालावं हे शिकवून शिकवून हैराण केलं. निघायच्या आदल्या दिवशी म्हणाले, "कागद आण. विन्स्टनच्या घरात बसून हे लिहायची माझी छाती नाही." विन्स्टन म्हणजे कॅथरीनचा धाकटा भाऊ, वाडी तोच कसतो. पप्पांनी डायनिंग टेबलवर मृत्युपत्र लिहिलं. विहिरीकडचे पाच गुंठे कॅथरीनला घर बांधायला, बाकी सगळी वाडी विन्स्टनला. एक साक्षीदार शेजारचे दत्तप्रसाद. दुसरा कोण, यावर तेच म्हणाले, "बाहेर कशाला शोधता? आमच्या वडिलांच्या विलवर बहिणीच्या नवऱ्यानेच साइन केली होती, तरी तिला हिस्सा मिळाला. नो प्रॉब्लेम." लॅन्सीने पेनाचं टोपण आधीच काढलं होतं.

आता पप्पा वसईला हॉस्पिटलात होते. कॅथरीनचं तिकीट उद्याचं होतं. सोबत न्यायचा म्हणून तिने तो कागद दवाखान्यात नेहमी येणाऱ्या शुभ्रा नावाच्या वकील बाईंना दाखवला आणि दत्तप्रसाद काय म्हणाले होते तेही सांगितलं.

"दत्तप्रसाद हिंदू आहेत, त्यांना चालून गेलं," शुभ्रा म्हणाली. "तुम्हा ख्रिश्चनांचं वेगळं आहे. ज्याला द्यायचं त्याच्याच नवऱ्याने किंवा बायकोने साक्षीदार म्हणून सही केली, की त्याचा हिस्सा खलास. बाकीचं विल व्हॅलिड, फक्त तुमचे पाच गुंठे गेले."

"मग आता?"

"वडील शुद्धीत आहेत ना? नवीन करा. वसईतला माझा ओळखीचा वकील तासाभरात पोचेल. त्यांनी फक्त हो म्हणायला हवं. पण आजच, उद्यावर ढकलू नका."

कॅथरीनने लगेच हाफ डे टाकला. घरी येऊन तिने फोन हातात घेतला. जमीन जाण्याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. पप्पांना फोन धरवत नव्हता. तो विन्स्टन धरणार, आणि विन्स्टनला मृत्युपत्राचा पत्ताच नव्हता. मरणाच्या दारातल्या बापाकडे बहीण सही मागते आहे, हे तो कानाने ऐकणार. तिने दोनदा नंबर लावला आणि दोनदा कट केला.

"मम्मी, जस्ट से इट," मुलगी जॉयस लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाली. लॅन्सी शेजारी खाली मान घालून बसला होता.

तिसऱ्यांदा तिने फोन लागू दिला. पडद्यावर पप्पांचा चेहरा आला, नाकात नळी, गाल बसलेले.

"बोल कॅथी, शुद्धीत आहेत," विन्स्टनचा आवाज आला. "पण थोडंच बोल."

"पप्पा," ती म्हणाली. "आपण इथे केला होता ना, तो कागद... तो परत करायचा आहे."

तिला म्हणायचं होतं, पुन्हा. पप्पांनी ऐकलं, माघारी.

"परत करतेस?" त्यांनी डोळे उचलून फोनमागच्या मुलाकडे पाहिलं. "विन्स्टन, ऐक. मी हिला विहिरीकडचे पाच गुंठे लिहून दिले होते. तुला विचारलं नव्हतं. ती परत करतेय." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. "दोन वर्षं धड झोप नाही मला. वाटायचं, मी गेलो की तुम्ही दोघं कोर्टात उभे राहाल."

पडद्यावर विन्स्टनचा हात आला आणि त्याने पप्पांचे डोळे पुसले.

लॅन्सीने तिला कोपराने ढोसलं. एकच शब्द पुरे होता, परतऐवजी पुन्हा, आणि तो तिच्या जिभेवर आलाही होता. पण पडद्यावर पप्पा रडता रडता हसत होते. पुन्हा म्हटलं तर ते हसू पुसलं जाईल, याची तिला भीती वाटली.

"हो पप्पा," ती म्हणाली. "परत करते."

पप्पांनी डोळे मिटले. श्वास संथ चालू होता. थोड्या वेळाने पडद्यावर विन्स्टनचा चेहरा आला, डोळे लाल. एवढ्या मायेने तो बहिणीशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

"उद्या एअरपोर्टवर घ्यायला येतो, कॅथी," तो म्हणाला. "किती दिवस राहशील?"