दुसरीकडचं वाण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, पाठच्या बहिणीलाही नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय टाळून पुढे जाते — म्हणजे बघा, देवालाही कळू नये असं वाटणारी बाई मी! तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या लेआउटमधले नाही, आणि उद्या भाजीच्या गाडीवर तुमची-माझी गाठ पडायची नाही.

आमच्या माळ्यावर एक स्टीलचा डबा आहे. जाड पत्र्याचा, कडीचा, दोन किलो डाळ सहज मावेल असा. बाजूला एका उमेदवाराचं नाव कोरलेलं आहे. नाव सांगत नाही. त्या निवडणुकीत आमच्या वॉर्डात दोघंच खरे उभे होते. एकाला सगळे भाऊ म्हणायचे, दुसऱ्याला दादा. मी भाऊंची. डबा दादांचा. एवढ्यावरून तुम्हाला काही वास आला असेल तर आला असू द्या, मला अजून जरा वेळ लागणार आहे.

आम्ही कामठी रोडच्या आतल्या बाजूला प्लॉट घेतला तेव्हा तिथे रस्ता नव्हता, नाली नव्हती, नळ तर नव्हताच. लेआउट मंजूर नाही, मग लाइन कशी टाकणार — हे उत्तर आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की मुलं खेळताखेळता ते म्हणायची. तुम्हाला राजकारण म्हणजे टीव्हीवरची भांडणं वाटत असतील. आम्हाला राजकारण म्हणजे टँकर. तो मंगळवारी येणार की गुरुवारी, कोणत्या कोपऱ्यावर उभा राहणार, पाइप आधी कुणाच्या ड्रममध्ये पडणार — हे सगळं नगरसेवकाच्या मर्जीवर. केस कधी धुवायचे हेही त्यावर. पाहुण्यांना राहा म्हणायचं की नुसता चहा पाजून वाटेला लावायचं, हेही त्यावरच.

पण खरं सांगू? ते दिवस फार छान होते. हसाल तुम्ही. थंडीतली सकाळ, अंगावर शाल, समोर ड्रमांची रांग, आणि माझ्या शेजारी कुसुम. कुसुमचं घर आमच्या गल्लीत शेवटचं. माझ्या घरानंतर दोन रिकामे प्लॉट आणि मग ती. तिचा नवरा कन्हानला कोळशाच्या खाणीत होता, पहाटे निघायचा. मला उशीर झाला की ती माझा नंबर धरून ठेवायची, एक फुटकी बादली रांगेत ठेवून. ‘ही बादली नाही, ही बाई हाय,’ असं सगळ्यांना बजावायची. त्या बादलीला पुढे सगळ्या बाया माझ्याच नावाने हाक मारू लागल्या. टँकर आला नाही तर आम्ही रिकाम्या ड्रमांवर बसून दुपारपर्यंत गप्पा हाणायचो. तिच्या हातची पाटोडी मी किती खाल्ली असेल! तिच्याच स्वयंपाकघरात, पाटावर बसून.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं. कारण आमच्या गल्लीतली दुसरी कोणी बाई कुसुमच्या स्वयंपाकघरात जात नव्हती. तिच्या समोरच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती, आणि तिचं सासर-माहेर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणारं. कोणी काही बोलायचं नाही हो! ओट्यावर बसायच्या, हसायच्या, चहा मात्र ‘आत्ताच झाला’ असायचा. मी आत जायची. त्याचा मला अभिमान होता. केवढा अभिमान — आता तो आठवला तरी कानशिलं गरम होतात.

तर ती निवडणूक. संक्रांतीचे दिवस. भाऊंच्या घरच्यांनी मोठ्या मंडपात हळदीकुंकू ठेवलं आणि वाण म्हणून स्टीलचा डबा लुटला. बायांना आणायचं काम माझ्याकडे. मला ‘ताई’ म्हणू लागले होते. गळ्यात दुपट्टा, हातात वही. वहीत आमच्या गल्लीतली घरं ओळीनं लिहिलेली. घर आपलं असेल तर बरोबरची खूण, धड कळत नसेल तर गोल, आणि तिकडचं असेल तर फुली. भाऊंनी शब्द दिला होता — जिंकलो की पहिली लाइन तुमच्या गल्लीत. ‘ताईंच्या गेटसमोर नळ,’ असं चारचौघांत म्हणाले होते. मी दोन दिवस हवेत होते.

आणि चार दिवसांनी दादांकडचं हळदीकुंकू. त्यांचा डबा आमच्या डब्यापेक्षा जड असल्याची बातमी होती. मी गेले. का गेले? बघायला गेले, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. त्यांच्याकडे किती बाया येतात ते मोजायला! खरं म्हणजे डबा हवा होता. आणि उद्या न जाणो दादाच निवडून आले तर — हेही होतंच मनात. दोन्ही डगरींवर हात ठेवणारी मी काही पहिली बाई नाही, पण गळ्यात एकाचा दुपट्टा घालून हे करणारी गल्लीत तरी मीच. दुपट्टा घरी ठेवून, पदर डोक्यावरून घेऊन, दुसऱ्या वॉर्डातल्या बायांच्या घोळक्यातून आत शिरले. डबा खरंच जड होता.

आता तो ठेवायचा कुठे? माझ्या घरी तर भाऊंची माणसं दिवसातून तीनदा चहाला. मी तो पिशवीत घालून थेट कुसुमकडे गेले.

ती पोट धरून हसली. ‘ठेव वं,’ म्हणाली. ‘माह्या रांधणीत तुह्याशिवाय कोण येते?’

ती हे हसत म्हणाली. मीही हसले. पण मी तो डबा तिच्याकडे का नेला, हे तुम्हाला कळलं ना? तिच्या स्वयंपाकघरात आमच्यातली कोणीही पाऊल टाकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं म्हणून. ज्या गोष्टीची मला इतरांच्या वतीनं लाज वाटायची, तिचाच मी कुलपासारखा उपयोग केला. मी तिच्याकडे जेवते म्हणून मिरवणारी!

मतदानाच्या तीन दिवस आधी भाऊंचा माणूस बंडू आणि मी चिठ्ठ्या वाटायला निघालो. बंडू दुसऱ्या वस्तीतला, तिशीचा, भारी उत्साही. कुसुमच्या घरी त्याला तहान लागली. ती पाणी आणायला आत गेली आणि हा बोलत-बोलत तिच्यामागे थेट स्वयंपाकघराच्या दारात. तो बाहेरचा, त्याला आमच्या गल्लीचे नेम काय माहीत. फळीवर डबा. डब्यावर दादांचं नाव, आमच्याकडे तोंड करून.

‘ताई,’ बंडू मला म्हणाला, ‘यायच्या घरी त्यायचा डबा कसा काय?’

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्यावर दुधाचे दिवस लिहिलेले होते, ते मी वाचले. मला एकच वाक्य बोलायचं होतं — ही हळदीकुंकवाला जातच नाही रे, कुणाच्याच. हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. डबा माझा, हे कबूल न करताही तिला सोडवता आलं असतं. मी मूग गिळून उभी राहिले.

कुसुमनं पाण्याचा पेला बंडूच्या हातात दिला. ‘माहा हाय,’ म्हणाली. ‘मले भेटला.’

इतकं तिला माहीत आहे. मी गप्प बसले, हे तिनं पाहिलं. पण पुढचं तिला माहीत नाही, आणि ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते पुढचंच आहे.

बाहेर आल्यावर बंडूनं विचारलं, ‘इथं काय लिहू, ताई?’ वही त्याच्या हातात होती. मी ती घेतली. पेन घेतलं. कुसुमच्या नवऱ्याच्या नावापुढे मी माझ्या हातानं फुली मारली. गोल तरी काढायचा! गोलाला कुणी विचारलं नसतं. पण मला वाटलं, गोल काढला तर बंडूला संशय येईल, की ताई हिला सांभाळून घेते आहे, आणि मग तो विचारेल का सांभाळून घेते. म्हणून फुली. चांगली ठसठशीत, कागदाच्या मागच्या बाजूला उमटेल अशी.

भाऊ जिंकले. उन्हाळ्याच्या तोंडावर खोदकाम सुरू झालं. गल्लीच्या तोंडापासून चर येत-येत माझ्या गेटपर्यंत आला आणि थांबला. कुसुम ओट्यावर उभी राहून बघत होती. तिनं विचारलं तर बंडू म्हणाला, ‘पाइप सरला, बाई.’ मग मला बाजूला घेऊन हसत म्हणाला, ‘तुमच्या फुलीपर्यंतच खोदलं, ताई.’ मला शाबासकी देत होता तो.

नळ आला. पेढे वाटले. टँकर बंद झाला — गल्लीत लाइन आली ना आता! आणि कुसुम दोन रिकामे प्लॉट ओलांडून रोज सकाळी माझ्या नळावर येऊ लागली. पाण्याचे दोन पितळी गुंड आणि एक बादली. खाणीतून आलेल्या माणसाला अंघोळीला दोन बादल्या तरी लागतात की नाही? ती एकीत भागवायची. मी नळाशी उभी राहून, शेजारच्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, ‘ने वं, आणखी ने, आपलंच घर हाय!’ बाया म्हणायच्या, ताईंचं मन मोठं. आणि मला ते आवडायचं. हेही लिहिते, कारण कधीकधी मला वाटतं की फुलीपेक्षा हेच वाईट होतं. तीन वर्षं मी तिला तिचंच पाणी दान दिलं आणि वर कौतुक करून घेतलं. ती पाणी भरून झालं की नळाखालची फरशी झाडून जायची. पूर्वीसारखी हसायची नाही असं नाही, हसायची. फुटकी बादली मात्र कुठे गेली कोण जाणे.

भरला गुंड कमरेवर घेऊन चिखलातून जाताना ती एकदा पडली. गुडघा दुखावला तो दुखावलाच. त्यानंतर वर्षभरात त्यांनी घर विकलं आणि कन्हानला राहायला गेले. सामानाचा टेम्पो भरून झाल्यावर ती लंगडत माझ्या दारात आली. हातात तो डबा, लख्ख घासलेला.

‘घे वं, तुहा डबा,’ म्हणाली. ‘रिकामा कसा देऊ?’

आत मुगवड्या होत्या. काठोकाठ. वड्यांना डाळ भिजवावी लागते, दोनदा धुवावी लागते. ते पाणी तिनं माझ्या नळावरून वाहून नेलं होतं. मी काय म्हणाले माहीत आहे? ‘कशाला एवढा त्रास घेतला वं,’ म्हणाले. तिनं माझ्या हातावर थोपटल्यासारखं केलं आणि गेली.

वड्या आम्ही खाल्ल्या. छान झाल्या होत्या. नवऱ्यानं दोनदा भाजी करायला लावली.

पुढच्या निवडणुकीत तिच्या जुन्या घरापर्यंत पाइप गेला. दोन दिवसांचं काम होतं.

यंदाच्या संक्रांतीला आमच्या चौकात हळदीकुंकू झालं. भाऊ आणि दादा आता एकाच पक्षात आहेत. एका फ्लेक्सवर दोघं शेजारी-शेजारी हात जोडून उभे, दोघांच्या बायका एकाच स्टेजवर वाण लुटत होत्या. मला जुनी कार्यकर्ती म्हणून पुढच्या रांगेत बसवलं. डबा मिळाला. पूर्वीपेक्षा हलका आहे, आणि त्यावर दोघांचीही नावं आहेत, एकाखाली एक. शेजारची नवी सून म्हणाली, ‘काकू, तेव्हा तुम्ही कोणाकडून होत्या?’ मी हसून वेळ मारून नेली.

घरी येऊन माळ्यावरचा डबा काढला. नवा त्याच्या शेजारी ठेवला. मग सकाळी नळ आला. आमच्या नळाला पाणी कन्हान नदीचं येतं, कुसुम राहते त्या गावावरूनच येतं, हे मला कितीतरी वर्षं ठाऊक आहे. कन्हान इथून बसनं तासाभराचीही वाट नाही. कुसुमच्या मुलीचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी एकदाही गेले नाही, एकदाही फोन केला नाही, आणि आता जाईन असंही म्हणत नाही.

डबा माझा होता. फुली मी मारली.