बंद न केलेली घडी

तेल्हाऱ्याजवळच्या शंकरपटाला मी दरवर्षी जातो. पहिला दिवस निवडीचा असतो. ठरलेल्या सेकंदांच्या आत पोचतील त्याच बैलजोड्या दुसऱ्या दिवशी पळतात. गर्दी दुसऱ्या दिवशीच होते, पण मला पहिला आवडतो. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्यांचे चेहरे त्या दिवशी खरे असतात.

गेल्या खेपेला प्रेक्षकांना अडवायला बांधलेल्या दोरीपाशी माझ्या शेजारी एक म्हातारा उभा होता. चपला काढून काखेत धरलेल्या, डोळे मिटलेले. जोडी सुटली की त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकायला लागायचा. माईकवर वेळ सांगायच्या आधीच तो ती पुटपुटायचा, आणि सकाळभरात एकदाही चुकला नाही.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. पळायची दाण रिकामी पडली. त्याचा अंगठा मात्र चालूच होता.

"आता कोनाची जोडी मोजून राह्यले, बाबाजी?" मी विचारलं.

"माही. लय वर्सं झाले. जोडी पोचली, पन घडीवाला घडी बंद कराले भुलला. निकाल देल्लाच नाही."

"मंग बैल?"

"बैल मेले. त्याइचं पयनं थांबलं नाही." डोळे न उघडता तो म्हणाला, "चप्पल काढून उभा राह्य."

मी हसतच काढली. तापलेल्या मातीतून खुरांचे दणके तळव्यांत चढू लागले, आधी लांबून, मग जवळून.

समोर चिटपाखरू नव्हतं. तरी मी दोरीपासून दोन पावलं मागं सरलो.