कागदावर आणि स्क्रीनवर, एकच चेहरा

प्रेसमध्ये काम करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. दुकान उघडायचं असो नाहीतर बंद करायचं, बारसं असो नाहीतर तेरावं, माणूस आधी छापायला येतो. आणि मजकूर सांगता सांगता जे सांगायचं नसतं तेही सांगून बसतो. सांगलीच्या प्रेसमध्ये माझी सात-आठ वर्षं गेली. मित्र जमले की म्हणतात, "सांग की तिथलं काहीतरी." मी सुरू करतो, आणि दोन किस्से होईतो कुणीच हसत नसतं.

प्रेस अण्णांची. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरच्या जोडीला इंटरनेट घेतलं आणि पुण्याला कोर्स करून आलेल्या शुभांगीला कामावर ठेवलं. कार्ड, लेबलं, माहितीपत्रकं हे माझं काम, वेबसाइट तिचं. रंग तेच, अक्षर तेच, फोटो तेच. अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "कागदावर आणि स्क्रीनवर एकच चेहरा दिसला पाहिजे. माणूस कुठूनबी आला तरी म्हणला पाहिजे, हे तेच दुकान."

*

आमचे बाबूकाका जुने कंपोझिटर. तीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले. कॉम्प्युटर आल्यावर अण्णांनी खिळे मोडीत घातले, पण काकांना ठेवून घेतलं. म्हणाले, "आता प्रुफं वाचा." काकांच्या नजरेतून एक वेलांटी सुटायची नाही.

शुभांगीनं पहिली वेबसाइट केली तेव्हा काकांनी ती कागदावर काढून मागितली. लाल पेनानं सात चुका काढल्या. शुभांगीनं त्यांच्यासमोर बसून सातही दुरुस्त केल्या. काका बघत होते.

"हे छापून झालं म्हणायचं का अजून व्हायचंय?"

"झालं काका. काल रात्रीच टाकलं नेटवर."

"मग आता कशी काय दुरुस्ती केलीस?"

"इथं कधीही करता येते."

 काकांनी पेनाला टोपण लावलं. "आमच्या हातनं एक अक्षर चुकलं की हजार कागद रद्दीत जायचे. अण्णाच्या वडलांनी एकदा मुस्काटात मारली होती मला, एका कान्यासाठी. इथं चुकीला काही किंमतच नाही बघ."

शुभांगी म्हणाली, "चांगलंच आहे की काका."

"चांगलंच आहे," काका म्हणाले. सोमवारपासून ते आले नाहीत. अण्णा दोनदा घरी जाऊन आले. काका म्हणाले, बरं वाटत नाही. तिसऱ्यांदा अण्णा गेले ते खांदा द्यायलाच.

*

साताऱ्याचे दोन भाऊ. मिठाईचं दुकान वडलांनी काढलेलं, नाव वडलांचं, खोक्यावर फोटोही वडलांचा. सगळं आम्हीच नव्यानं करून दिलं होतं. वर्षभरात भाऊ वेगळे झाले. दुकान आणि खोकी मोठ्याकडं राहिली. वेबसाइट धाकट्यानं मागून घेतली आणि दोन गल्ल्या सोडून नवीन दुकान टाकलं.

मोठा एका आठवड्यात आला. म्हणाला, "खोक्यावर एक ओळ वाढवा. आमची कोठेही शाखा नाही."

पुढच्या आठवड्यात धाकटा आला. त्यालाही वेबसाइटवर तीच ओळ हवी होती. फक्त जाड अक्षरात.

अण्णांनी दोघांचंही काम घेतलं. प्रुफं तयार झाली त्या दिवशी दोघांची आई आली. मिरजेला बहिणीकडं आल्या होत्या, म्हणाल्या, "पोरांनी काय छापायला टाकलंय ते बघावं म्हटलं." मी खोक्याचं प्रूफ त्यांच्या हातात दिलं. शुभांगीनं स्क्रीन त्यांच्याकडं वळवला. बाईंनी चष्मा लावून दोन्ही सावकाश वाचलं. नवऱ्याचा फोटो दोन्हीकडं होता.

अण्णा उगाच म्हणाले, "फोटो छान आलाय, नाही का वहिनी?"

"छान आलाय." त्यांनी चष्मा काढला. "मलापण शंभर कार्डं छापून द्या. नुसतं माझं नाव, आणि खाली ही ओळ."

*

माधवनगरला एकांचा चादरींचा कारखाना होता, वीसेक माग. त्यांना माहितीपत्रक आणि वेबसाइट दोन्ही हवं होतं. फोटोच्या दिवशी कामगार धुतलेले शर्ट घालून आले. प्रत्येक जण आपापल्या मागापाशी उभा राहिला. फोटो झकास आले.

माहितीपत्रक मशीनवर चढायच्या आत कारखाना बंद पडला. मालक आले. मला वाटलं काम रद्द. ते म्हणाले, "छापा. फक्त वरची ओळ बदला. 'दर्जेदार चादरी' काढा आणि 'माग विकणे आहेत' असं घाला. फोटो तेच राहू द्या. माग चालू दिसले पाहिजेत."

वेबसाइटवरही तेच केलं. एकच चेहरा!

पंधरा दिवसांनी एक कामगार प्रेसमध्ये आला. "सायेब, त्या पुस्तकात माजा फोटू हाय. एक द्या की."

"कशाला हवंय?"

"इचलकरंजीला काम बघाया निगालोय. आदी कुटं हुतास म्हून इचारत्यात. दुसरा कागद न्हाई माज्यापशी."

मी एक प्रत दिली. त्यानं आपल्या फोटोवर बोट ठेवून बघितलं, घडी न घालता प्रत पिशवीत सरळ ठेवली. मग एकेक जण येत गेला. मी प्रत्येकाला त्याचं पान काढून दाखवायचो.

शेवटी आला तो बराच वेळ पानं उलटत राहिला. पुढून मागं, मागून पुढं. मी विचारलं, "सापडत नाही का?"

"न्हाई. त्या दिवशी म्हातारी गेलती आमची. गावाकडं हुतो." त्यानं माहितीपत्रक माझ्यापुढं ठेवलं. "सोळा वर्सं केलं काम. म्हंजी आता मी नव्हतोच म्हनायचं तितं."

*

कडेगावचे शिवाजीराव ऊसतोडीचे कोयते करायचे. पोलाद चांगलं, मूठ चांगली, पण गिऱ्हाईक कमी होत चाललेलं. अण्णांनी त्यांना कार्ड आणि वेबसाइट करून दिली. पानाच्या तळाला आकडा दिसायचा, आजवर किती जणांनी पान बघितलं त्याचा. शिवाजीरावांना सगळ्यात तो आकडा आवडला.

रोज सकाळी दहाला त्यांचा फोन यायचा. "ताई, किती झालं?"

शुभांगी पान उघडायची आणि सांगायची. "एकवीस." दुसऱ्या दिवशी बावीस. मग तेवीस.

"रोज एक जन येतोय म्हना की," ते म्हणायचे. "येऊ दे, येऊ दे. आज ना उद्या दुकानातबी ईल."

आपण पान उघडतो म्हणून आकडा एकानं वाढतो, हे शुभांगीच्या ध्यानात दुसऱ्याच आठवड्यात आलं होतं. तिनं मला सांगितलं. शिवाजीरावांना सांगायचं कसं, हे दोघांनाही सुचेना. अण्णा म्हणाले, "राहू दे. माणूस खूश आहे."

मग शुभांगीला टायफॉइड झाला. ती दहा दिवस आली नाही आणि मला ते पान उघडायची पद्धत माहीत नव्हती. फोन आला की मी सांगायचो, "ताई आजारी आहेत." अकराव्या दिवशी ती आली, पान उघडलं. फोन मीच घेतला होता. आकडा बघितला आणि सांगून टाकला. "अठ्ठेचाळीस."

"आन् ताई आजारी पडायच्या आदी?"

"सत्तेचाळीस."

पलीकडं बराच वेळ भात्याचा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

"ताईंस्नी म्हनावं, तब्येतीला जपा," शिवाजीराव म्हणाले. परत त्यांचा फोन आला नाही. दिवाळीनंतर मी कडेगावला गेलो तर त्या जागी दुसरं दुकानही नव्हतं. नुसतं कुलूप.

*

जतकडचे बिरूतात्या घोंगड्या विणायचे. घर मेंढपाळांचं, पुढं थोडी शेती, आणि तात्यांचा माग. त्यांना सांगलीत एका प्रदर्शनात बघून शुभांगीच म्हणाली, यांचं करू या. तात्यांनी स्वतःची जुनी घोंगडी अंगणात पसरली. काळी, कडेला पांढरी धार. तिचाच फोटो आम्ही कार्डावर घेतला आणि वेबसाइटवरही.

वर्षभर काही झालं नाही. मग एक दिवस परदेशातून एका बाईंची ईमेल आली. घोंगडी हवी आहे. दुसरी नको, फोटोत आहे तीच.

आमच्या वेबसाइटवर बाहेरून आलेली ती पहिली मागणी. तात्यांकडं फोन नव्हता. अण्णा म्हणाले, "दोघं जाऊन सांगून या." आम्ही एसटीनं गेलो. फाट्यावरून चालत वस्तीवर पोचलो तर अंगणात तात्यांची बायको, जनाक्का, लोकर पिंजत बसली होती. कपाळ मोकळं होतं.

 मी विचारलं, "कवा?"

"म्हैना झाला."

तिनं पाणी दिलं. आम्ही कशाला आलो ते विचारलं. शुभांगीनं सांगितलं, लांबच्या देशातली एक बाई आहे, तिनं फोटो बघितला, तिला तीच घोंगडी पाहिजे.

"ती व्हय." जनाक्का पिंजायची थांबली. "ती दिली की त्येंच्यासंगं. त्येंच्या अंगावर घालून."

 शुभांगी म्हणाली, "मी कळवते मावशी, की ती घोंगडी आता नाही म्हणून. आणि तो फोटोपण काढून टाकते."

"फोटू अजून हाय तितं?"

"आहे."

"तिकडच्या बाईला अजून दिसती?"

"दिसते."

जनाक्कानं लोकर परत हातात घेतली. "मग न्हाई म्हून कशाला लिवतीस?" ती म्हणाली. "हाय म्हून लिव. इकायची न्हाई."