धाकट्याची सावली
पिकल्या टोमॅटोसारखं तकतकीत बटण असलेली ती मीच बनवलेली हॉटेलची वेबसाइट आज मोबाइलवर उघडली आणि डोकं पुन्हा तापलं. मढजवळ ते हॉटेल चालवणारे दोघे भाऊ मी तिच्यावरच्या फोटोत शेजारी शेजारी उभे केले होते. फोटोशॉपमध्ये माणूस एका लेयरवर, म्हणजे थरावर, त्याची सावली दुसऱ्यावर. पुढं त्यांचं फाटलं. थोरला जुन्नरला माझ्या दुकानात, फ्लेक्सच्या उग्र वासात, टेबलावर हात आपटत ओरडला, “काढ त्याला! हॉटेल माझ्या एकट्याचं हाय.” मी म्हणालो, “भाऊ, उभं तर त्यानंच केलं.” “तू लई बोलू नको. काढ!” मी धाकट्याचा फोटो तिथून काढून टाकला. सावलीचा लेयर मुद्दाम ठेवला. अजून तिथं माणूस एक आणि सावल्या दोन आहेत. त्या मूर्खाला वाटतं, दोन्ही आपल्याच.